आमच्या ऑफिसातले सात दामोदर

२०१४ ते २०१९ या काळात डहाणूच्या आमच्या ऑफिसात बघता बघता सात दामोदर झाले. त्यातला जन्मापासूनचा दामोदर मी एकटाच. बाकीचे सहा मी तयार केले, आणि बरीच वर्षं मला त्याचा अभिमान होता. या अंकाच्या संपादकांनी ‘नोकरीतला एखादा अनुभव लिहा’ म्हटल्यावर मला बर्फाचे कारखाने, शीतगृहं, विक्षिप्त गिऱ्हाइकं असं बरंच आठवलं. पण लिहायला बसलो तेव्हा हेच पुढे आलं. हे मला कुणालातरी सांगायचंच होतं.

आधी धंदा सांगतो. गल्लीत मला ‘कॉम्प्युटरवाले काका’ म्हणतात आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला की हाक मारतात. माझं काम ते नव्हतं. आम्ही कंट्रोलर बनवायचो. बर्फाचा कारखाना, चिकू ठेवायची थंड खोली, दूध गार करायची टाकी, यांच्या भिंतीवर एक डबा असतो. तो तापमान बघतो आणि कॉम्प्रेसर कधी चालू, कधी बंद ते ठरवतो. त्या डब्यातल्या चिपला काय करायचं ते सांगणारा प्रोग्रॅम आम्ही लिहायचो.

माणूस लिहितो ती भाषा चिपला कळत नाही. तिचं भाषांतर करून, तुकडे जोडून एक फाईल बनवावी लागते आणि ती डब्यात भरावी लागते. या खटाटोपाला ‘बिल्ड’ म्हणतात. बिल्ड करणाऱ्या साधनाला आधी सगळं सांगून ठेवावं लागतं: भाषांतर करणारा प्रोग्रॅम कुठे आहे, जोडायचे तुकडे कुठे आहेत, झालेली फाईल कुठे ठेवायची. लिहायला जो एडिटर वापरतो त्याच्याही शंभर खोडी असतात, त्याही ठरवून द्याव्या लागतात. या सगळ्याला सेटिंग म्हणतात. गिऱ्हाइकाला ती दिसत नाहीत, मालकाला तर नाहीच नाही. पण ती बिघडली की अख्खं ऑफिस हातावर हात ठेवून बसतं.

कंपनीचे मालक वापीला बसत. त्यांना सगळे शेठ म्हणायचे. रोज वापीला जायला मी नकार दिला म्हणून २०१४ मध्ये त्यांनी डहाणूत दोन खोल्या घेऊन दिल्या. पहिले काही महिने मी एकटाच होतो. सेटिंगमध्ये मी सगळे पत्ते माझ्या संगणकाचे लिहिले होते, म्हणजे ‘दामोदर’ नावाच्या फोल्डरातून सुरू होणारे. मग दुसरा संगणक आला. त्यावर बिल्ड होईना, कारण तिथे दामोदर नव्हता. दुसऱ्या दिवशी एका बर्फाच्या कारखान्याला डबा द्यायचा होता. मी त्या संगणकावर दामोदर नावाचा वापरकर्ता तयार केला, माझं फोल्डर जसंच्या तसं त्यात ओतलं, आणि पाच मिनिटांत बिल्ड झालं. मी टेबलावर हात आपटला आणि चहा मागवला.

झालं, तीच पद्धत पडली. नवा संगणक आला की त्यावर ‘दामोदर बसवायचा’. ऑफिसात हा शब्दच झाला. “बसवला का रे दामोदर?” “बसवला, आता कामाला लागतो.” खंडेनवमीला संगणकांना हार घालताना कुणीतरी म्हणालं, आज सात-सात दामोदरांची पूजा. मी हसलो. खोटं कशाला बोलू, मनातून सुखावलोही.

वापीहून आमचा भावेश आठवड्यातून दोनदा यायचा. कामाला वाघ, पण गडबड्या. त्याच्या लॅपटॉपवरही मी दामोदर बसवला. त्याने तो घरी नेला, उघडला, तर पडद्यावर माझ्या नावाने स्वागत. त्याच्या आईने विचारलं, “भावेश, आ दामोदर कोण छे?” चोरीचा लॅपटॉप आहे असं त्या माउलीला वाटलं. भावेशने मला फोन लावून दिला आणि दामोदर म्हणजे मीच, हे मला त्यांना पटवावं लागलं.

याच भावेशच्या एडिटरने आमचे दोन दिवस खाल्ले होते. बिल्डच्या फाईलमध्ये काही ओळींच्या सुरुवातीला टॅब नावाचं बटण दाबून सोडलेली मोकळी जागा लागते. तिथे साध्या चार मोकळ्या जागा चालत नाहीत. दिसायला दोन्ही सारखंच, कोरं. भावेशचा एडिटर फाईल साठवताना गुपचूप टॅब काढून साध्या जागा घालायचा. आम्ही दोन दिवस अक्षरं तपासत होतो आणि चूक अक्षरांमधल्या कोऱ्या जागेत होती. शेवटी मी भावेशला त्याच्या एडिटरची ती खोड मोडायला लावली आणि सगळ्यांना तोंडी ताकीद दिली.

जयवंती आली ती २०१६ च्या दिवाळीनंतर. झरीची. घरची थोडी भातशेती, आई-वडील हंगाम संपला की मजुरीला जाणारे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा चांगल्या मार्कांनी केलेला. दोन वर्षांचा करार आणि काम पसंत पडलं तर कायम, असं तिला सांगितलं होतं. झरीहून तलासरी, तलासरीहून डहाणू असं दोन गाड्या बदलून ती यायची आणि तरी माझ्याआधी दारात उभी असायची.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “सर, माझ्या मशीनवर तुमचं नाव आहे.”

“तेच ठेवायचं. नाहीतर बिल्ड होत नाही.”

“का होत नाही?”

आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. मी तिला पत्त्यांची भानगड समजावली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही रस्ता तुमच्या घरापासून सांगितलाय. मी तर झरीहून येते.”

मी हसलो आणि म्हणालो, “चालतंय ना? मग हात नको लावू.”

टॅबचा किस्सा सांगितला तेव्हाही तेच. तिचं म्हणणं, अशा गोष्टी तोंडी का सांगायच्या? कामाच्या फोल्डरातच एक छोटी फाईल ठेवली तर प्रत्येकाचा एडिटर ती वाचून आपोआप नीट वागेल. तिने ते वाचूनही ठेवलं होतं. मी पुन्हा म्हटलं, चालतंय ना. आता वाटतं, हे वाक्य मी त्या पाच वर्षांत किती वेळा बोललो असेन! माझ्या नावाने सगळं चालतं, यात मला गैरसोय नव्हतीच. ज्याला होती त्याला मी गप्प केलं.

आता ज्याच्यासाठी हे लिहितोय त्या गोष्टीकडे येतो. तलासरीच्या पुढे एका पाड्याजवळ दूध गोळा करायचं केंद्र होतं. सकाळ-संध्याकाळ आसपासच्या बाया किटल्या घेऊन येत आणि दूध एका मोठ्या टाकीत जाई. टाकीवर आमचा डबा. २०१८ च्या पावसाळ्यात तिथून तक्रार आली की टाकी थंड होत नाही. एक दिवस सगळं दूध ओतून द्यावं लागलं होतं. भावेश जाऊन आला. त्याला सगळं ठीक दिसलं. मी गेलो. मलाही ठीक दिसलं. डबा बदलून आलो. चार दिवसांनी पुन्हा दूध नासलं.

मग जयवंती गेली. ती आमच्यासारखी तासाभराने परतली नाही. दुपारपासून संध्याकाळचं दूध येईपर्यंत ती मनगटावरचं घड्याळ बघत टाकीपाशी बसून राहिली. टाकी सांभाळणारे लक्ष्मणदादा तिला म्हणाले, “लाईट येते न् जाते, येते न् जाते. जनरेटर किती वेळा लावायचा? लावेपर्यंत ती परत येते.” हे वाक्य त्यांनी मलाही ऐकवलं होतं. मी ते गाऱ्हाणं म्हणून ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर कागद ठेवला. कॉम्प्रेसर बंद झाला की लगेच चालू करायचा नसतो, मोटर जळते. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं की लाईट आली की तीन मिनिटं थांब, मग चालू कर. पाड्यावर लाईट येत होती, दोन-अडीच मिनिटं राहत होती आणि जात होती. पाच-सात मिनिटांनी पुन्हा दोन मिनिटं. डबा प्रत्येक वेळी नव्याने तीन मिनिटं मोजायला बसायचा. मोजणी पूर्ण होण्याआधीच लाईट जायची, आणि कॉम्प्रेसर दुपारभर सुरूच होत नव्हता. आम्ही जायचो तेव्हा लाईट बरी असायची, म्हणून सगळं ठीक दिसायचं.

“आमच्याकडे पावसात लाईट अशीच असते, सर,” ती म्हणाली. “डबा लाईट कधी आली ते बघतो. त्याने कॉम्प्रेसर कधी थांबला ते बघायला पाहिजे.”

डब्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ होतंच, तापमानाच्या नोंदीसाठी. तिने त्यात कॉम्प्रेसर थांबल्याची वेळ साठवली. तीन मिनिटं आधीच होऊन गेली असतील तर आता आणखी थांबायचं नाही. चाळीसेक ओळी होत्या. तीस वर्षांच्या नोकरीत इतका साधा आणि अचूक उपाय मी फार थोड्या वेळा पाहिला. आम्ही तो दूध संघाच्या अशा अकरा टाक्यांवर भरला आणि तक्रारी थांबल्या.

त्या वर्षी दसऱ्याला शेठ स्वतः डहाणूला आले. पूजा झाली, आणि त्यांनी माईक हातात घेऊन दुधाच्या टाक्यांचं सांगितलं. दूध संघाकडून मोठी नवी ऑर्डर आली होती. “आ सगळं आमच्या दामोदरभाईंची कमाल,” म्हणत त्यांनी मला शाल घातली आणि माईक माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, “माझं एकट्याचं काही नाही. टीमचं काम आहे.”

टाळ्या आणखी जोरात वाजल्या. जयवंती पेढ्यांचं ताट घेऊन भिंतीशी उभी होती. तिने ताट टेबलावर ठेवलं आणि तिनेही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मी तर श्रेय वाटून टाकलं. ‘टीम’ म्हटलं की कुणाचंही नाव घ्यावं लागत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ते ध्यानात येऊ दिलं नसेल. आज मला त्याची लाज वाटते.

दिवाळीनंतर तिचा करार संपत होता. वापीला नवे मॅनेजर आले होते, सगळं रेकॉर्डवर चालवणारे. आमच्याकडे प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बदलाची आपोआप नोंद होई: कुणी केला, कधी केला, काय बदललं. त्यांनी ती नोंदवही वापीत बसून चाळली आणि कळवलं की या मुलीच्या नावावर दोन वर्षांत एकही काम नाही, करार पुढे चालवू नये.

पत्र वाचून जयवंती माझ्या टेबलाशी आली. रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, “सर, मी दोन वर्षं काय केलं ते कुठे लिहिलंय का?”

मी नोंदवही उघडली. दामोदर, दामोदर, दामोदर. वरपासून खालपर्यंत. दामोदर बसवताना मी माझं अख्खं फोल्डर ओतत होतो, आणि नोंदवहीत कुणाचं नाव लिहायचं हे सेटिंगही त्याच फोल्डरात होतं. भावेशचं काम माझ्या नावावर, जयवंतीचं काम माझ्या नावावर. भावेश आधीच कायम होता, त्याचं काही अडलं नाही. हिची नोकरी चालली होती. तिचा भाऊ तेव्हा बारावीला होता आणि त्याचं पुढचं शिक्षण हिच्या भरवशावर होतं.

मी तिच्यासमोरच शेठना फोन केला. सांगितलं की टाक्यांचं काम हिचं आहे, माझं नाही. शेठ म्हणाले, “दामोदरभाई, तुम्ही लई मोठ्या दिलाचा माणूस. त्या दिवशी पण टीमचं टीमचं करत होते. पोरीला मदत करायची तुमची भावना मी समजतो, पण रेकॉर्ड पण बघायला पाहिजे ने?”

मी परोपरीने सांगितलं. जितकं सांगावं तितका मी मोठ्या मनाचा ठरत गेलो. शेवटी मॅनेजरांनी फोन घेतला आणि म्हणाले, “आठ दिवस देतो. कोरा लॅपटॉप आणतो. त्यावर तुमचं काहीही न टाकता, तुम्ही हात न लावता, तिने सगळं उभं करून दाखवावं.”

हे ऐकायला सोपं वाटतं. आमच्या ऑफिसात ते कुणालाच, अगदी मलाही, कधी जमलेलं नव्हतं.

ते आठ दिवस मी तिचा मदतनीस होतो. ती सांगेल तिथे मी माझं नाव शोधायचो आणि ती ते काढायची. कुठे कुठे लपलो होतो मी! भाषांतराच्या सेटिंगमध्ये, एडिटरमध्ये, चिपमध्ये फाईल भरण्याच्या आज्ञेत. प्रत्येक ठिकाणी तिने पत्ता बदलला. दामोदरच्या घरापासून मोजायचं नाही, कामाचं फोल्डर जिथे असेल तिथून मोजायचं. लागणारी साधनं तिने त्या फोल्डरातच ठेवली. एडिटरांना वळण लावणारी ती छोटी फाईलही ठेवली, जी मी दोन वर्षांपूर्वी उडवून लावली होती. आणि नव्या माणसाने काय करायचं, याचा साध्या मराठीत एक पानभर कागद लिहिला. भावेशने त्यावर डोकं चालवून तीन प्रश्न काढले. तेवढ्या ओळी तिने वाढवल्या.

मॅनेजर आले, लॅपटॉप उघडला. त्यावर तिने स्वतःच्या नावाचा वापरकर्ता तयार केला. फोल्डर उतरवलं, बिल्डची आज्ञा दिली. पडद्यावर ओळी सरकल्या आणि लाल अक्षरात थांबल्या: दामोदरचं फोल्डर सापडत नाही. कुठेतरी मी अजून उरलो होतो. मी खुर्चीवरून उठलो, तर मॅनेजरांनी हातानेच मला बसवलं.

तिने मान वर केली नाही. ती ओळ वाचली, मागची फाईल उघडली, आणखी मागची उघडली. डब्याच्या पडद्यावर दिसणारी अक्षरं मी माझ्या एका जुन्या फोल्डरातून उचलत होतो, हे मी स्वतःही विसरलो होतो. तिने पत्ता बदलला, पुन्हा आज्ञा दिली. बिल्ड झालं. तिने फाईल डब्यात भरली आणि डब्याचा दिवा लागला.

मॅनेजरांनी तिला विचारलं, ते तीन मिनिटांचं काय होतं? तिने कागदावर पाड्यावरची दुपार मांडली, लाईट किती वाजता आली, किती वाजता गेली, तोंडपाठ. पाच-दहा मिनिटांत त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे टाकीपाशी बसलेलाच माणूस सांगू शकतो,” असं म्हणून त्यांनी शेठना फोन लावला. महिनाभरात तिला कायम केल्याचं पत्र आलं.

मला एवढ्यावर चैन पडेना. नोंदवहीतल्या जुन्या नोंदींवरची नावं बदलता येतात. ज्या तिच्या आहेत त्या मला ओळखू येत होत्या. मी तिला म्हटलं, बस, आज त्या सगळ्या तुझ्या नावावर करून टाकतो.

तिने विचारलं, “मग टाकीवरच्या नंबराचं काय होईल?”

प्रत्येक नोंदीला एक नंबर मिळतो आणि तो डब्याच्या पडद्यावर दिसतो. उद्या काही बिघडलं तर लक्ष्मणदादा फोनवर नंबर वाचून दाखवतात आणि त्या टाकीत नेमका कुठला प्रोग्रॅम आहे ते आपल्याला कळतं. नोंदीतलं नाव बदललं की तिचा नंबर बदलतो, आणि तिच्यापुढच्या सगळ्या नोंदींचे नंबर बदलतात. जुनी वही वेगळी जपता आली असती, पण मग वह्या दोन, आणि अडचणीच्या वेळी कुठली खरी याचा घोळ. मी हे सगळं तिला सांगितलं. मला वाटतं, तिला ते आधीच माहीत होतं.

“मग नको सर,” ती म्हणाली. “दूध घालणाऱ्यांना नंबर लागतो. नाव नाही लागत.”

आणि ती आपल्या कामाला वळली. मी २०१९ मध्ये निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी मला माईक मिळाला तेव्हा मी सगळं सांगायचं ठरवून उभा राहिलो, पण पुन्हा ‘टीमचं काम’ म्हणून आभारांवर आटोपलं. नोंदवहीत त्या चाळीस ओळींवर अजून माझंच नाव आहे, आणि त्या टाक्या चालू आहेत तोवर ते तसंच राहणार.

म्हणून इथे लिहून ठेवतो. तलासरीच्या दुधाच्या टाक्यांचा दोष झरीच्या जयवंतीने शोधला आणि तिनेच दुरुस्त केला. मी त्यातलं काहीही केलं नाही. शाल मात्र मी घेतली होती.